डबाच गेलाय

असं ऑरिन म्हणतो, शेडच्या दारात खुर्ची टाकून.
उजवा हात झोळीत, खांद्यात दोन नवे स्क्रू.
डॉक्टरांनी बजावलंय, सहा आठवडे
कॉफीच्या कपापेक्षा जड काही उचलायचं नाही.
तोंडाबद्दल ते काही बोलले नाहीत.

ट्रक एकसष्ट सालचा. मंगळवारी मी तो पहिल्यांदाच
गावात नेला, बियाण्याचा गहू आणायला,
आणि चर्चच्या फाट्यावर
सीटवरून अर्धी उठले, पुढच्या पत्र्याला पाय रोवला,
अडलेल्या गाईचं वासरू ओढावं
तसं ओढलं स्टिअरिंग.
घरी आले तर बोटं मिटेनात.
"तसंच आहे ते," ऑरिन म्हणाला, "पहिल्यापासून."
पहिल्यापासून! आणि मी इतकी वर्षं
त्या खांद्यालाच नावं ठेवत होते.

आधी हवा पाहिली. टायर भुकेला असला
तरी गाडी अशीच रुसते.
हवा ठीक. मग जॅक, एक्सलखाली ओंडके,
पुढची चाकं अधांतरी.
भार उतरला, तरी हट्ट तोच.
"डबा," ऑरिन म्हणाला.
डब्याचं झाकण उघडलं. तेल होतं,
काकवीसारखं, पण होतं.

मग ती लांब दांडी सोडवली,
डब्यातून चाकाकडे निरोप नेणारी.
पिन गंजून जागेवरच तुटली,
नटानं माझं एक नख घेतलं,
हातोड्याच्या तिसऱ्या घावाला दांडी लोंबली.
स्टिअरिंगचा आणि चाकांचा काडीमोड.
वर चढले. एका बोटानं फिरवलं.
फिरलं.
या टोकापासून त्या टोकापर्यंत, काही अडलं नाही.
मी दारातून ऑरिनकडे पाहिलं.
तो ढगांकडे पाहत होता.

चाकांमधला जोडदांडाही काढला.
उजवं चाक ढकललं, कुरकुरत वळलं.
डावं म्हणजे भिंत.

जुनं कांबळं टाकून उताणी सरकले खाली,
टॉर्च दातात.
उजव्या किंगपिनची निपलं लखलखीत.
डाव्या बाजूला, खालच्या जागी,
नुसता एक गुळगुळीत काळा फोड.
नखानं खरवडला. रंग.

"ऑरिन, एक्सलला काळा रंग कोणी दिला?"
बराच वेळ नुसता वारा.
"गावाची शंभरी होती," तो म्हणाला.
"मिरवणुकीत बँड आपल्या ट्रकवर होता."
"बँड एक्सलवर बसला होता?"
"मिरवणूक होती, आर्डिस."

दर वसंतात तो इथं ग्रीसची गन लावायचा.
ग्रीस बाहेरूनच ओघळायचं,
तो फडक्यानं पुसायचा
आणि म्हणायचा, पोट भरलं.
आत मात्र खडू.
तारेनं उकरलं तर भुकटी पडली डोळ्यांत.

किंगपिन दोन दिवस हलली नाही.
रॉकेल पाजलं, ब्लोटॉर्चनं लाल केलं,
शेवटी शेजारचा वेंडेल घण घेऊन आला
आणि त्याच्या आईला चालणार नाही असं काही बोलला.
निघाली.
एका अंगानं झिजून चंद्रकोर झालेली.
मी ती फडक्यात घेऊन ऑरिनच्या मांडीवर ठेवली.
डाव्या हातानं उलटीपालटी करत
तो बसून राहिला, ऊन खुर्चीवरून सरकेपर्यंत.

नव्या पिना फार्गोहून आल्या, बुश रीमर मारून बसवले,
दाबाचं बेअरिंगही बदललं, चुरा झाला होता त्याचा.
गन दाबली. जिथून यायला हवं तिथूनच
ग्रीस आलं या वेळी, आधी काळं, मग मधासारखं.

सातव्या आठवड्यात झोळी सुटली.
ऑरिन कोणाला न विचारता केबिनमध्ये चढला.
रस्त्याच्या तोंडाशी, उजवीकडे,
अडतीस वर्षांचा सगळा जोर लावून
त्यानं स्टिअरिंग ओढलं
आणि आमची टपालपेटी खांबासकट आडवी केली.

इंजिन बंद केलं. खाली उतरला.
पेटीवरची आमची नावं मातीत तोंड खुपसून होती.
"फारच हलकं करून ठेवलंयस," तो म्हणाला.