सगळ्यात खालची फळी

जूनमध्ये बोटी भरून माणसं येतात ऑर्क्नीला,
हिरवे झगे, लाकडी तलवारी,
एखाद्याच्या खांद्यावर कापडी ड्रॅगन, शेपूट वाऱ्यानं उलटं झालेलं.
सगळे एकच विचारतात : थोरा आइसबिस्टरचं घर?
मी बोट दाखवते.
घराचं आता दुकान झालंय.
तिच्या नऊ खंडांतली नऊ राज्यं
टॉवेलांवर छापून विकतात तिथं.

वाचनालयात येतात तेही वरवर बघून जातात.
कुणी वाकत नाही.
तिची बाकीची पुस्तकं सगळ्यात खाली आहेत,
हीटरच्या पाइपाला लागून,
पानं पापडासारखी झालेली.

फेब्रुवारीत तीन दिवस फेरी बंद होती
तेव्हा मी फरशीवर बसकण मारली.
निघाली मेंढ्यांच्या कानांची वही :
कुठल्या घराची चीर, कुठल्या घराचं भोक,
एकोणिसाव्या वर्षी दारोदार फिरून टिपलेलं.
निघालं साप्ताहिकातलं तिचं सदर, कातरणं डकवलेली.
‘हरवला : डाव्या पायाचा बूट. मालकाला घाई नाही.’
मी एकटीच हसले, मोठ्यानं.

आणि निघाली एक कादंबरी, बारकीशी,
टॅमी फ्लेट नावाच्या पोस्टमनची.
त्याच्या पिशवीत एका बाईचं पत्र आहे,
काळ्या कडेचं.
आत काय आहे ते त्याला न फोडता कळलंय.
तो रोज तिच्या दारी जातो,
फाटकाची बिजागरी ठोकून देतो,
चहा पितो, हवेचं बोलतो,
पत्र तसंच घेऊन परत येतो.
एकशे ऐंशी पानं. जादू नाही. तलवार नाही.
खपल्या म्हणे एक्केचाळीस प्रती.

मागच्या कार्डावर चारच नावं.
तीन वेळा थोरा स्वतःच,
आपलंच पुस्तक, आपल्याच सहीनं.
चौथं नाव जेसी रेंडल. माझी मावशी,
जिनं आयुष्यात विणकामाच्या नमुन्यांपलीकडे
काही वाचलेलं मला आठवत नाही.

वृद्धाश्रमात जाऊन विचारलं.
“वाचलं नाही गं,” ती म्हणाली,
“दहा वर्षं कुणी नेलं नाही की रद्दीत घालायचे तेव्हा.
थोरा परगावी होती. फोन केला तिनं :
जेसी, तेवढं घरी नेऊन ठेव.”
मग टाके मोजत राहिली.
मोजताना दोनदा चुकली.

परवा त्या ड्रॅगनवाल्या पोरानं विचारलं,
दहावा खंड आहे का?
मी वाकले. गुडघा वाजला.
त्यानं उभ्याउभ्या चार पानं चाळली.
“यात ड्रॅगन कधी येतो?”
“रोज येतो,” मी म्हटलं, “दारापर्यंत.
चहा होईतो थांबतो.”

त्याला काही ते पटलं नाही.
पुस्तक ठेवून गेला.
खाली वाकायचा कंटाळा आला असेल,
मधल्या फळीवर ठेवलं.
मी हलवलेलं नाही.