निळ्या डब्यातली यादी

जिन्याखालच्या फळीवर, बटाट्यांच्या पोत्यांच्या वर,
बिस्किटांचा निळा डबा आहे.
त्यात दोन इग्नायटर. एक नवाकोरा,
एक काढून ठेवलेला, अजून धुगधुगी आहे त्यात.
दाराच्या खाचेत बसवायची काळी दोरी, सात फूट.
पाच फ्यूज. रबरी नळी वीतभर.
धुराच्या पंख्याचं गॅस्केट, पापडासारखं,
नुसतं हाताळलं तरी कडा झडतात.
आणि जुन्या मोज्यात गुंडाळलेली ऑगरची मोटर,
मिनिटाला एकच फेरा घेणारी,
चर्चमधून घरी चालत येणाऱ्या माझ्या सासूसारखी:
घाई नाही, पण थांबणंही नाही.

दुकान त्रेसष्ट मैलांवर.
दुकानात पार्ट नसतोच. पार्ट ओहायोत असतो,
आणि ओहायोत नेमका शनिवार-रविवार असतो.

मुलगा ॲरिझोनातून सांगतो, आई, बिघडलं की मागव,
दोन दिवसांत दारात येतं.
म्हणजे तहान लागली की विहीर खणायची.
अरे लुसियँ, इथे नोव्हेंबर सरला
की जमीन चार फूट दगड होते.
माणूस गेला तरी त्याला एप्रिलपर्यंत थांबवतात.
तुझ्या बापाला नव्हतं का थांबवलं?

तो लाकडाचा माणूस. ही पेलेटची शेगडी माझी,
तो गेल्यावर घेतलेली.
त्याची कुऱ्हाड शेजारच्या रेआल वेलेतला विकली तेव्हा
धारेवरून अंगठा फिरवत तो म्हणाला होता,
"बाई, वीज गेली की त्या गोळ्या काय चघळणार?"
त्यानंतर सहा वर्षं
मी त्याच्याशी हवामानापलीकडे बोलले नाही.

सतरा जानेवारी. उणे एकतीस.
पहाटे तीनला जाग आली,
आवाजानं नव्हे, आवाज थांबल्यानं.
गोळ्यांची टिपटिप नाही, पंख्याची घरघर नाही.
खरं सांगू? मला आनंद झाला.
सहा हिवाळे याच रात्रीसाठी तर तयार होते मी.
दिवा लावायचं सुचलंच नाही. टॉर्च उशाशी होता,
आणि हाताशी असेल ते वापरावं हा माझा नियम.
टॉर्च दातांत, डबा मांडीवर.
इग्नायटर बदलला. गॅस्केट बदललं, श्वास रोखून.
मोज्यातून मोटर काढली, तिचे चार स्क्रू
अशा बोटांनी आवळले, जी माझी वाटत नव्हती.
बटण दाबलं.
पुन्हा दाबलं.
मग कुठे मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं.
रस्त्यावरचा दिवा नव्हता.
कागद गिरणीच्या चिमणीवरचा लाल ठिपका नव्हता.
नदीपल्याडचा कॅनडासुद्धा विझला होता.

शेगडी ठणठणीत होती.
ठणठणीत आणि गार.

चांदण्यात रेआलच्या धुराड्यातून धूर
सरळ वर चालला होता, ओळंबा लावल्यासारखा.

दोनशे पावलं. पुढचं दार बर्फात गाडलेलं, म्हणून मागचं.
पहिल्या थापेला कुत्रा भुंकला,
दुसरीला शिवी ऐकू आली,
तिसरीला रेआल, लोकरीच्या पायजम्यात, केस पिंजारलेले.
मी म्हटलं, "हं, बोल. चघळायचं काय ते बोल."
बोलला नाही.
कुत्र्याला पायानं सरकवलं, खुर्ची चुलीकडे ओढली,
आणि एक ओंडका आत घातला, गरज नसताना.
कोपऱ्यात ती कुऱ्हाड टेकवलेली होती.
दांडा नवा. पातं तेच.
मी काही विचारलं नाही. कोटाच्या खिशात
हात गेला तर जुना इग्नायटर लागला,
कधी उचलला, देव जाणे.

वीज दुपारी दीडला आली.
इतके नवे भाग पोटात घेऊन शेगडी
जराशी विचारात पडली, मग पेटली.

उतरवलेली मोटर पुसून मोज्यात घातली.
झाकणाच्या आत चिकटवलेली यादी खोडून
पेन्सिलीनं पुन्हा लिहिली:
फ्यूज पाच. नळी वीतभर. दोरी सात फूट.
मोटर एक, वापरलेली.
गॅस्केट संपलं, सोमवारी मागवणे.
रेआल: मागचं दार. तीन थापा.