पिवळ्या ओळी

फाईल आत जाईना.
बेलापूर, सेक्टर पंधरा, तिसरा मजला,
खाली भुर्जीवाल्याचा तवा खणखणतोय
आणि सॉफ्टवेअरचं एकच पालुपद:
रकाना ‘वय’. अंक हवा होता, मजकूर मिळाला.

कुंदाताई मढवींनी भरलेली फाईल.
तुर्भ्याच्या खाणीखालची चारशे बारा माणसं,
कोण किती वर्षं दगड फोडतंय,
कुणाचा खोकला किती दिवसांचा.

आधी वरची पट्टी काढली.
सहा चौकटी जोडून, मधोमध, ठळक:
‘श्वसन सर्वेक्षण, कृपया नीट वाचावे.’
तिलाच पहिला माणूस समजून
यंत्र तिचं वय विचारत बसलं होतं.

मग घर नंबर ३-१२.
त्याचा कधीच तीन डिसेंबर झालेला.
५-८ चा पाच ऑगस्ट.
अख्खी चाळ कॅलेंडरात राहायला गेलेली,
एकेक बिऱ्हाड परत आणलं.

मग ‘पुरुष’, आणि पुन्हा ‘पुरुष’,
दुसऱ्याच्या मागे एक न दिसणारी मोकळी जागा.
तेवढ्यावरून यंत्रानं त्यांना
वेगळ्या पंगतीत बसवलेलं.

मग वय. ओळ दोनशे तेरा.
‘पन्नास असेल. कागद नाही म्हणाला. हसला.’
मी ५० ठेवलं.
‘हसला’ कुठे ठेवायचं कळेना.
पुसलं.

पावणेदहाला एकदाचं आलं:
नोंदी ४१२. त्रुटी ०.
खुर्ची मागे लोटली, आळस दिला,
सरासरी काढली, आलेख काढला,
निळे ठोकळे, कवायतीला उभे राहिल्यासारखे.

तेवढ्यात कुंदाताईंचा फोन. मागे कुकरची शिट्टी.
“गेली का हो सर, नीट?
आणि पिवळे बघितले ना?”
कसले पिवळे?
“अहो, ज्यांच्या थुंकीत रक्त दिसलं
त्यांच्या ओळी पिवळ्या केल्यात मी.
तुमच्या फॉर्मात त्याला रकानाच नव्हता.”

रंग आत येत नाही.
दर जूनमध्ये नव्या पोरांना
मीच शिकवतो हे, दुसऱ्या तासाला.

मूळ फाईल पुन्हा उघडली.
नवा रकाना केला, नाव दिलं ‘रक्त’,
आणि बोटानं ओळ धरून
खाली खाली भरत गेलो:
शून्य. शून्य. एक. शून्य.
एक.
भुर्जीवाल्यानं गाडी झाकली असावी,
तवा ऐकू येत नव्हता.

दोनशे तेरावर थांबलो.
पिवळी होती.