फळी

मी सुतार. गाण्यातलं मला विचारू नका.
नाचायची फळी करतो, पारोटाच्या लाकडाची,
चार बोटं जाड, खाली पोकळ,
आणि भाड्याने देतो. डिझेल वेगळं.

त्या शनिवारी तोलुकाला नेली. लग्न.
मुलगी आपात्सिंगानची, उकाड्याच्या मुलखातली,
मुलगा वास्तेकाच्या डोंगरातला, जिथं धुकं
वाळत घातलेल्या कपड्यांतही शिरून बसतं.
तोलुका दोघांचंही नव्हतं.
तिथं एका कारखान्यात, एकाच पाळीला,
ती दोघं मोटारींची आसनं शिवायची.

मुलीकडच्यांनी हार्प आणला होता, दाराएवढा,
ट्रकवर, गोधडीत गुंडाळून, आजारी माणसासारखा.
गारठ्यानं तारा उतरत होत्या.
म्हातारा आबुंदिओ खुंट्या पिळायचा,
पिळून होईतो पहिली पुन्हा उतरलेली.

मुलाकडचे तिघेच. एक व्हायोलिन,
एक लठ्ठ गिटार, एक तिची धाकटी बहीण.
गाताना त्यांचा गळा मध्येच फुटतो
आणि आवाज कौलावर जाऊन बसतो.
आधी कुणी वाजवायचं यावरून मानपान झालं.
मोजतात दोघंही सहाच,
पण वाटणीवरून भांडतात,
जमीन एकच असलेल्या भावांसारखे.

शेवटी वयाचा मान. आबुंदिओ उभा राहिला.
आता, या हार्पला दोन माणसं लागतात.
एक तारा छेडतो,
दुसरा गुडघ्यांवर बसून त्याच्याच पोटावर
तळव्यांनी ठेका धरतो.
एकेचाळीस वर्षं तिथं क्रिसोफोरो बसला, धाकटा भाऊ.
मे महिन्यात गेला.
लाकडावर दोन जागी पॉलिश उडालंय,
दोन तळव्यांएवढं.

म्हाताऱ्यानं एकट्यानं सुरू केलं.
सूर सगळे होते. पाय मात्र कुणाचे उठेनात.
मुलीची मावशी फळीवर चढली,
दोन टाचा मारल्या, थांबली,
पायरी संपलीय असं वाटून
अंधारात पाय चाचपावा तशी.

तेव्हा व्हायोलिनवाल्याची पोर, आउरेलिया,
बापाच्या वाद्याची पेटी सांभाळायला आलेली, चौदाची असेल,
ती उठली, हार्पपाशी बसली, आणि मारला हात.
कुणी तिला सांगितलं नव्हतं.
मुलीकडच्या एकानं तोंड उघडलंही,
पण मावशीच्या टाचा आधीच बोलू लागल्या होत्या
आणि माझी फळी धडधडत होती.

मग पुतण्यानं गाणं धरलं,
आणि पोरीचे हात एकदम हलके झाले.
तिच्या गावी तसंच आहे. कुणी गायला लागलं
की नाचणारेसुद्धा पाय नुसते घासतात,
शब्दाला वाट द्यावी म्हणून.
उकाड्याच्या मुलखात कुणी कुणासाठी थांबत नाही,
गाणाऱ्यानं ओरडावं, जमलं तर.

त्या शांततेत शब्द ऐकू आले:
*नदीला विचार माझी खुशाली,*
*तीही तू गेलीस तिकडेच गेली.*

आबुंदिओची बोटं एका तारेवरून घसरली.
एकेचाळीस वर्षं हेच गाणं त्यानं वाजवलं होतं,
भावाच्या हातांखाली.
त्यात नदी आहे हे त्याला माहीत होतं. असावं.

कडवं संपलं. तो खाली वाकून तिला म्हणाला,
"आता जोरात. नाहीतर मला झोप लागेल."

पुढं पहाटेपर्यंत काय काय झालं
ते नीट सांगता येणार नाही, मी प्यायलो होतो.
व्हायोलिन कधीतरी हार्पमध्ये घुसलं,
मुलाचा काका फळीवरून पडला,
आणि भात कमी पडला.

सकाळी फळी ट्रकवर चढवताना
हार्प शेजारीच होता, गोधडीविना.
क्रिसोफोरोच्या दोन जागा एकमेकींपासून लांब,
त्याचे हात मोठे होते.
पोरीचे तिथवर पुरत नव्हते.
तिनं मधेच कुठंतरी मारलं होतं,
आणि तिथं पॉलिश अजून चकचकीत होतं,
नुसता मोले सॉसचा एक डाग, बोटाएवढा.
मी पुसायला फडकं काढलं. मग खिशात ठेवलं.

डिझेलचे पैसे अजून यायचेत.
मुलीकडचे म्हणतात मुलाकडचे देतील.