वाचलेले

पेडण्याच्या वाचनालयात चौथं कपाट माझं लाडकं.
किल्ली दोनदा फिरवायची, मग खाली एक हलकी लाथ.
आत सत्यकथा :
ढिगाऱ्याखाली सहा दिवस घड्याळाची टिकटिक मोजणारा शिंपी,
खाणीत पाणी शिरल्यावर खांबाला मिठी मारून उभे राहिलेले तिघे,
आगीत पोर कमरेला बांधून गच्चीवरून उतरलेली नर्स.

दुपारी कुणी नसतं. पंखा तीनवर ठेवते,
चहात उंडो बुडवते आणि वाचते.
दुसऱ्याचं पाणी नाकाशी येतं
तसे माझे पाय खुर्चीवर वर येतात.
सुख असतं त्यात. आता कबूल करते.

महिन्यातून दोनदा केरीहून सगुण मोटे यायचा.
चौथं कपाट सोडून कुठे बघायचा नाही.
हातावर दोरीचा जुना वळ,
पानांवरून फिरणारं बोट जाडजूड,
जाळ्याची गाठ चाचपावी तसा एकेक शब्द चाचपणारं.
तिरकोलच्या मुखाशी होडी उलटली, तो त्यातला.
दोघे गेले होते. हे गावाला ठाऊक होतं,
म्हणून कुणी विचारत नव्हतं.

एकदा पुस्तक परत देताना म्हणाला,
"बाय, हो मनीस घराक पावलो म्हणान लिवलां.
दार कोणी उगडलां, ता खंय लिवलां?"
मी शेवटचं पान काढलं.
घोंगडी होती, गरम पेज होती, डॉक्टरचा हात होता.
दार नव्हतं.

मग दोन महिने तो आलाच नाही.
स्मरणपत्र टाकलं. उत्तर नाही.
शेवटी एका रविवारी बस धरली,
फेरीच्या धक्क्याशी उतरले, विचारत विचारत गेले.
सुरूच्या झाडांमागे घर. कडी वाजवली.

दार एका बाईने उघडलं.
मनगटाला खवला चिकटलेला, पदराने हात पुसत.
"सगुण दर्यार गेलो," म्हणाली,
जणू बाजारात गेलाय.
पुस्तक देवाच्या कोनाड्यातून काढून आणलं,
मध्ये खूण म्हणून फेरीचं तिकीट.

"माका वाचूक येना. तो वाचता, मी आयकतंय.
रातीचो जेवण जाल्यार.
आपला कायच सांगूक ना अजून, चार वर्सां जाली.
लोकांचा वाचता.
पाणी इला काय आवाज बसता.
मगे मी म्हणतंय, फुडें वाच."

भिंतीवर हार घातलेला फोटो होता.
सगुणसारखंच नाक, पण हसणारा.
मी दंडाचं काही बोलले नाही. चहा घेतला.
निघताना ती उंबऱ्यापर्यंत आली.
"बाय, एक विचारूं?
दोघां भावांचा पुस्तक आसा तुमचेकडेन?
दोगय आसत असा."

तेव्हापासून चौथं कपाट मी पुन्हा वाचते आहे,
डाव्या टोकापासून, पाय जमिनीवर ठेवून.
मुखपृष्ठांवर बहुधा एकटाच चेहरा असतो.
दुसरा आत कुठेतरी, बावन्नाव्या पानावर,
एका ओळीत, कधी कधी नावाशिवाय.
त्या ओळीपाशी थांबते.
कानात केरीचा आवाज येतो, फुडें वाच,
आणि वाचते.

सगुणच्या कार्डावर परतीची तारीख
अजून घातलेली नाही.