उतारा क्रमांक चार

सक्करदऱ्यात, मिठाईच्या दुकानावर, दुसरा मजला.
कूलरची खस वाळत आलेली,
बावीस पोरं, बावीस पेन्सिली,
आणि फळ्यावर माझंच अक्षर :
'उताऱ्याबाहेरचं काही आणू नका.'

अकरा वर्षं हेच सांगतो आहे.
तुम्हाला काय वाटतं, ते विचारलेलं नाही.
तुम्हाला काय माहीत आहे, तेही नाही.
विधान एक असतं, वाक्यं चार.
चारही खरी असतात, तिथंच तर पोरं फसतात.
खरं असणं वेगळं,
विधानाखाली खांदा देऊन उभं राहणं वेगळं.

चौथा उतारा मीच लिहिलेला.
इतवारीतले एक घड्याळजी, नाव दिलेलं नाही,
एकेचाळीस वर्षांनी दुकान बंद करतात.
विधान : दुकान सोडताना त्यांना वाईट वाटलं नाही.
सर्वांत भक्कम आधार कोणता?

अ. मुलाला नोकरी लागली होती.
ब. शेवटच्या दिवशी त्यांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.
क. दुकानाचं भाडं परवडत नव्हतं.
ड. कुलूप लावण्याआधी त्यांनी भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांना चावी दिली.

उत्तरसूचीत ब.
ड तर मी भरतीला टाकलेलं,
दीडशे शब्दांना आठ कमी पडत होते म्हणून.

मागच्या बाकावरून जिविका पराते उठली.
"सर, प्रश्नच चुकला."
वर्ग हसला.
"पेढे तर आमच्या मामानंही वाटले होते,
पॉवरलूम भंगारात घातला त्या दिवशी.
पेढा हातात असला का कोणी तोंडाकडे पाहत नाही.
पण जिथं उद्या कोणी येणारच नाही
तिथल्या घड्याळीले
चावी कायले देते माणूस?"

मी म्हणालो, विधान मान्य करूनच चालायचं असतं.
ती म्हणाली, "मंग आधार कायले शोधाचा?"

कूलरचा पंप तेवढा बोलत राहिला.
मी उतारा पुन्हा वाचला,
परक्यानं लिहिलेला वाचावा तसा.
बंद शटरच्या आत एकोणीस घड्याळं.
चावी आठ दिवसांची.
आठ दिवस, रात्री बारालाही,
कोणासाठीच नाही,
टोले देत राहिली असतील.
आणि नोकरी लागलेला तो मुलगा
पेढ्यांचा रिकामा खोका धरून रस्त्यावर उभा,
शटरकडे पाठ,
"बाबा, चला ना लवकर" म्हणत.

हे उताऱ्यात नाही.
हे मला आणता येणार नाही.

उत्तरसूची बाजूला ठेवली.
ब खोडावा की ड लिहावा, कळेना.
शेवटी विधानातला 'नाही' तेवढा खोडला,
खडू जरा जोरातच ओढला गेला,
मोडला.

"आता सांगा," मी म्हणालो, "सर्वांत भक्कम आधार?"

बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग खिडकीजवळचा एक जण म्हणाला,
"सर, पाच वाजून गेले."