बासष्ट टक्के

डॉक्टर फान्च्यांग हातरुमालात गुंडाळून घेऊन आले
सगळ्या शिन्पू गावाचे दात.
अकरा वर्षांचे एक्स-रे: सुळे, अक्कलदाढांची आडवी मुळं,
निवृत्त पोस्टमास्तरांची सोन्याची टोपी,
सगळं एका बोटभर पट्टीवर.

फर्मवेअर बदलत होतं. बासष्टवर आकडा थांबला.
पाच मिनिटं. सात. खुर्चीत पेशंट आ वासून.
त्यांनी वायर उपसली.
"जन्मभर लोकांना सांगत आलो, हलू नका,"
ते म्हणाले, आणि माझ्या स्टुलावर
पेशंटसारखे अवघडून बसले.
बाहेर शिंचूचा वारा पत्रे वाजवत होता,
त्यांच्या गावात याच वाऱ्यावर पर्सिमॉन सुकतात.

पट्टी जोडली. तिनं स्वतःचं नाव सांगितलं नाही,
कारखान्यातलं सांगितलं, बारशाआधीचं.
टेराबाइटभर देह, आणि म्हणते, मी दोन मेगाबाइट.
चिपांमध्ये सगळं जागच्या जागी;
कुठलं कुठे ठेवलंय ते सांगणारा मात्र
अर्धा जुना, अर्धा नवा.
चणे आहेत, दात नाहीत.
दंतवैद्यासमोर हे बोलायची माझी छाती झाली नाही.

चिमट्याची टोकं दोन ठिपक्यांवर टेकवली,
श्वास धरला, वीज दिली.
डोक्यात काही शिरायच्या आत ती जागी झाली.
आता हात धरून चालवायचं.
आधी झाडू काढून घ्यायचा,
वीज मिळाली की हिला घर आवरायची खोड,
आणि नकाशा हरवलेलीला सगळाच केर दिसतो.
उसना कोड स्मृतीत उतरवला, उभ्याउभ्या, पाहुण्यासारखा,
आणि बजावलं: लिहायचं काही नाही. फक्त वाच.

दीड वाजता आ-च्युननं मशीनवर हिरवं पुडकं ठेवलं,
मक्याचा खाऊ, वर छापलेलं: गुणी बाळ.
इथे सगळेच ठेवतात.
मी तारीख बघितली. शिळं चालत नाही.

मग अर्धवट राहिलेला कोड उघडला
आणि त्यात माझंच अक्षर.

नऊ वर्षांपूर्वी, हायवेपलीकडच्या काचेच्या इमारतीत,
जुनं फर्मवेअर ठेवायला मी दुसरा कप्पा मागितला होता.
नवं पायावर उभं राहीपर्यंत
जुन्याला घराबाहेर काढू नये म्हणून.
त्सेंग म्हणाला, चार मेगाबाइट म्हणजे पैसे.
हातचं सोडून पळत्यामागे लागू नये
हे आईनं शिकवलेलं.
मी मान डोलावली आणि ती ओळ खोडली.

आपलेच दात, आपलेच ओठ.
डॉक्टरांना सांगावं? ते बसल्याजागी झोपले होते,
तोंड उघडं, डाव्या दाढेत चांदी.

पहाटे पडद्यावर पहिला जबडा उमटला, करडा,
कुणाचा कोण जाणे. मग दुसरा.
सगळे दुसऱ्या डिस्कवर उतरले, दोनदा मोजले,
तेव्हा कुठे नवं फर्मवेअर हातात घेतलं,
सही तपासली, बेरीज जुळवली, बॅटरी लावली.

बासष्टवर आकडा थांबला.
थांबणारच. तिथे तो नकाशा पुन्हा मांडतो,
अकरा मिनिटं लागतात,
आणि हे कुठेच लिहिलेलं नाही,
कारण लिहायचं काम माझ्याकडे होतं.

डॉक्टर दचकून उठले, हात वायरकडे.

"हलू नका," मी म्हणाले.